दांड्याखालचं सातवं नाव

मी एक पेला आहे, सैनिकाचा. अ‍ॅल्युमिनियमचा, पोटाशी किंचित आत वळलेला, मुडपणाऱ्या दांड्याचा. सैनिकाच्या कमरेला पाण्याची बाटली असते ना, तिच्या बुडाशी मी बसायचो. आता मी न्यू जर्सीत, पिस्कॅटवेच्या एका घरात, स्वयंपाकघरातल्या फळीवर असतो. अगदी चकचकीत आहे. पाहुणे म्हणतात, "किती छान ठेवलाय हो!" आणि घरची बाई, शोभना, लगेच चहाचं विचारते.

माझ्या बुडावर १९४१ चा शिक्का आहे. अमेरिकेतल्या एका कारखान्यात मी जन्मलो आणि पेनसिल्व्हेनियाच्या वॉल्टर नावाच्या एकवीस वर्षांच्या मुलाच्या वाट्याला आलो. बोटीतून आम्ही फिलिपिन्सच्या एका लहानशा बेटावर उतरलो. वॉल्टर माझ्यातच कॉफी प्यायचा, माझ्यातच दाढीचं पाणी तापवायचा, आणि मला कधी धड धुवायचा नाही. बाहीने पुसलं की झालं.

पुढच्या वर्षी बॉम्ब पडू लागले. दिवसभर धुरळा, रात्रभर धुरळा. एका सकाळी वॉल्टर धरून सात जण टेकडीतल्या भुयारात शिरले आणि मागे भुयाराचं तोंड कोसळलं.

पाणी माझ्यातून वाटलं जायचं. आधी अर्धा पेला, मग दोन बोटं, मग नुसते ओठ ओले करण्यापुरतं. वाटणारा वॉल्टर होता. एकेक जण जाऊ लागला, तसं तो कॉलरच्या पिनेने माझ्या अंगावर त्याचं नाव कोरायचा. पहिली नावं ठळक आहेत, कारण तेव्हा मेणबत्ती होती. सहावं कोरताना अंधार होता. मग त्याने माझा दांडा उचलला आणि त्याच्या खालच्या जागेत, बोटाने चाचपत, स्वतःचं नाव कोरलं. हातात जोर नव्हता. अक्षरं केसासारखी बारीक आली, एकावर एक चढली. शेवटची रेघ खाली घसरत गेली.

नंतर बासष्ट वर्षं मी तिथे होतो. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

२००४ च्या पावसाने टेकडीची कड ढासळली आणि भुयारात उजेड आला. त्या सप्टेंबरात प्रतापराव मनिलाला कंपनीच्या कामासाठी आले होते. इंजिनियर माणूस, तीस वर्षं अमेरिकेत. घराच्या तळघरात लढायांची पुस्तकं भिंतभर. सुटीच्या दिवशी ते बोटीने बेटावर आले. छप्पर उडालेल्या बराकी, गंजक्या तोफांच्या नळ्यांत उगवलेलं गवत, गोळ्यांनी चाळण झालेल्या भिंती, सगळं ते हात लावून लावून पाहत होते. गाईड म्हणाला, "सर, आत जाऊ नका. काही उचलू नका. इथे माणसं आहेत अजून."

प्रतापराव आत गेले आणि मला उचललं. वाईट हेतूने नाही. आठवण म्हणून. माणसं पुष्कळ गोष्टी आठवण म्हणून उचलतात आणि कुणाची आठवण, ते विचारायचं राहून जातं.

घरी आल्यावर त्यांनी मला दिव्याखाली धरलं. अंगावर काळा थर होता आणि नावांच्या रेघांत माती बसली होती, म्हणून ती वाचता आली. सहा नावं त्यांनी वहीत उतरवली. दांड्याखालचं लागेना.

"भिंग आणायला हवं," ते म्हणाले. "रविवारी बघतो."

सोळा वर्षांची निधी म्हणाली, "बाबा, जस्ट टेक अ पिक्चर!"

"फोटोत नाही येणार गं ते. रविवारी बघतो म्हटलं ना."

असे तीन रविवार गेले. दरम्यान निधीने ती सहा नावं जुन्या सैनिकांच्या एका संघटनेला ईमेलने पाठवली, आणि मला वर्तमानपत्रात गुंडाळून तळघरात ठेवलं गेलं.

ऑक्टोबरात खंडेनवमी आली. शोभना दरवर्षी न चुकता हत्यारं पुजते. विळी, स्क्रूड्रायव्हरचा डबा, दोन गाड्यांच्या किल्ल्या, लॅपटॉप, सगळ्यांना हळदकुंकू. त्या सकाळी ती टूलबॉक्स घ्यायला तळघरात आली आणि तिने मला पाहिलं. कागद उलगडला.

"कुणाचा बरं असशील तू," ती पुटपुटली. "लढाईतला ना? मग आज तुझा पण मान."

आणि काळ्याकुट्ट वस्तूची पूजा कशी करायची? तिने मला सिंकमध्ये घेतलं. लिंबू, मीठ, तारेची घासणी. दोन तास घासलं. तिच्या हातात माया होती, हे मी शपथेवर सांगतो. जिथे काळं जास्त होतं, तिथे तिने जास्त जोर लावला. सर्वांत जास्त काळं दांड्याखाली होतं. मी ओरडलो असतो, पण पेल्याला ओरडता येत नाही. वॉल्टरचं नाव फेसाबरोबर वाहून गेलं.

संध्याकाळी प्रतापराव घरी आले. पाटावर विळी आणि लॅपटॉपच्या मधे मी झेंडूचं फूल घेऊन लखलखत होतो. सहा नावं पुसट, पण होती. त्यांनी दांडा उचलून पाहिला आणि खुर्चीत बसले.

"अगं, काय केलंस हे!"

"काय केलं? स्वच्छ केला. तुम्ही मला सांगितलं होतं का त्यावर काही लिहिलंय म्हणून?"

त्यांनी सांगितलं नव्हतं. त्या घरात त्या रात्री कुणी जेवलं नाही.

आठवड्याने फोन आला. एडना नावाच्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईंचा, पेनसिल्व्हेनियाहून; नंबर त्या संघटनेने दिला होता. त्या सहा जणांबरोबर माझा भाऊ होता, त्या म्हणाल्या. लष्कराची तार आली ती 'बेपत्ता' म्हणून, पुढे कधी काही कळलं नाही. तुमच्या पेल्यावर त्याचंही नाव आहे का? वॉल्टर?

निधीने फोनवर हात ठेवून आईकडे पाहिलं. शोभना म्हणाली, "सांग, आम्ही येतोय."

गाडीत मी शोभनाच्या मांडीवर होतो. प्रतापराव समोर बघत म्हणाले, "होतं म्हणून सांगून टाकू. असणारच. सातवा दुसरा कोण असणार? म्हातारीला समाधान मिळेल."

"तुम्ही वाचलंत?"

"नाही, पण—"

"मग कसं सांगायचं? उद्या ती त्याच्या नावाने थडग्याचा दगड बसवेल. आपल्या अंदाजावर?"

"आणि खरं सांगून काय मिळणार तिला?"

शोभनाचा अंगठा माझ्या दांड्याखाली, त्या गुळगुळीत जागेवर फिरत होता.

एडनाबाईंनी टेबलावर केक मांडून ठेवला होता आणि नवा टेबलक्लॉथ घातला होता. शोभना बसलीच नाही. तिने उभ्यानेच, मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगून टाकलं. इथे एक नाव होतं. आम्हाला वाचता आलं नव्हतं. मी ते घासून काढलं. मला माहीत नव्हतं.

एडनाबाईंनी मला हातात घेतलं. साठ वर्षांत ज्यांनी मला हात लावला, त्यांत वॉल्टरसारखी बोटं फक्त त्यांची होती. दांड्याखाली त्यांनी नखाने चाचपलं, खिडकीशी नेलं, तिरकं धरलं. काही नव्हतं.

"कशाने घासलंत?"

"लिंबू आणि मीठ."

"वॉल्टरने जन्मात कधी कप धुतला नाही," एडनाबाई म्हणाल्या. हसल्या, आणि मग ते हसणं थांबेना, आणि ते हसणं नव्हतं. "माझी आई नऊ वर्षं जेवणाच्या टेबलावर त्याची प्लेट मांडत होती. गप्प बसून. माझ्याकडे ती तार आहे, तीही गप्प आहे. आणखी एक गप्प वस्तू नको मला घरात. घेऊन जा."

"मला माफ करा," शोभना म्हणाली.

"आज नाही," एडनाबाई म्हणाल्या. "तुम्ही खोटं सांगू शकला असतात. ते मी लक्षात ठेवीन. पण आज नाही."

केक कुणी कापला नाही.

२००६ च्या हिवाळ्यात एडनाबाई गेल्या. त्यांच्या शेजारणीने कळवलं. 'माफ केलं' असा निरोप आला नाही. शोभनाने वाट पाहिली, टपाल रोज दोनदा पाहिलं, मग सोडून दिलं.

तेव्हापासून ती दर सर्वपित्री अमावस्येला मला घरामागच्या लाकडी डेकवर नेते. ज्यांची तिथी ठाऊक नसते, त्यांचा तो दिवस. ती माझ्यात काठोकाठ पाणी भरते, शेजारी भाताची वाडी ठेवते. इथे कावळे येतात कधी, नाही तर खारी येतात.

"ख्रिश्चन माणसं ती," पहिल्या वर्षी प्रतापराव हळूच म्हणाले. "त्यांना कसले पितर?"

"पाणी तर प्यायचे ना?"

यंदा, २००८ च्या अमावस्येला, निधी कॉलेजातून घरी आली होती. वहीतली सहा नावं शोभनाने वाचली. प्रत्येकाला थोडं पाणी सोडलं. मग ती थांबली.

"आई, से वॉल्टर," निधी म्हणाली. "वी ऑल नो."

"मला नाही म्हणता येत, बाळा. मी वाचलेलं नाही. मी पुसलंय."

तिने उरलेलं पाणी नाव न घेताच सोडलं. दर वर्षी ती असंच करते.

ते नाव मला ठाऊक आहे. ते कोरताना दुखलेलं मला आठवतं, आणि घासताना दुखलेलंही. पण या घरात माझं बोलणं कुणाला ऐकू येत नाही, तुम्हाला येतंय. तेव्हा एवढं करा. अशा जागी गेलात तर पडलेल्या वस्तूला हात लावू नका, आणि लावलाच तर पुसण्याआधी वाचा. आणि पुढच्या अमावस्येला, पिस्कॅटवेच्या त्या डेकवर सहा नावं झाली की तुमच्या घरातून कुणीतरी सातवं म्हणा.

वॉल्टर. त्याला फार तहान लागली होती.