भोपळ्यासाठी बोट

झाकणाची, ग्रीस लावलेली रबराची कडी.

बाबांचा जास्तीचा चष्मा, अजून खणात.

मागच्या शेडमध्ये एका माणसापुरती पाणबुडी, पिवळी, फुगीर. घरात तिला सगळे भोपळा म्हणतात.

धक्क्यावर भाड्याच्या दोन बोटी. एक पांढरी, वेगवान, क्रेनवाली. दुसरी सपाट, गंजकी. तिची मागची फळी पाण्याखाली उतरते. पाणबुडी तरंगत आत यायची आणि फळी वर घ्यायची.

बाबा पाणबुडे होते, बोटीसकट बुडाले. ती जागा धाकट्याला एकदा डोळ्यांनी बघायची होती. पाणबुडी त्यानं बांधली. बोट ताईनं निवडायची होती, कारण बाबांच्या धंद्यात खाली जाणारा बोट निवडत नसे. वर थांबणारा निवडे.

"पांढरी घे," धाकटा म्हणाला. "त्या गंजकीनं पोचेपर्यंत मी म्हातारा होईन."

"हो की. माझी काही हरकत नाही."

बोटीचे मालक हसले. "क्रेन दोन टन उचलते, ताई. तुमचा भोपळा पावणेदोनचा."

"वजन कुठे केलंस?" तिनं धाकट्याला विचारलं.

"शेडमध्ये."

"कोरडीचं?"

"मग काय, आधी आंघोळ घालायची होती?"

ताई हसली नाही. "आत बस. इथंच, बंदरात एकदा बुडून दाखव."

तो बुडाला. बुडण्यासाठीच्या टाक्या पाण्यानं भरल्या, पत्र्यामागच्या पोकळ्याही भरल्या. उचलताना ते सगळं पाणी त्याच्यासोबत वर आलं. क्रेन अर्ध्यावर थांबली. पांढरी बोट कलली आणि लाटेगणिक भोपळा तिच्या अंगावर आदळू लागला. झाकण उघडून बाहेर यावं, तर मधेच चिरडायचा. काचेआड धाकट्याचे ओठ हलत होते.

"सोडा खाली," ताई म्हणाली.

"परत पाण्यात?" मालकांचा हात खटक्यावरच राहिला.

"पाण्यात. टाक्या रिकाम्या करायचं त्याला कळतं. सोडा."

पिवळा रंग दिसेनासा झाला. मग बुडबुडे आले. ती कठडा धरून उभी राहिली. बऱ्याच वेळानं भोपळा बोटीपासून लांब, आपला आपण वर आला.

धाकटा धक्क्यावर येऊन बसला. हात त्यानं मांड्यांखाली दाबून धरले.

"गंजकी," ताई म्हणाली.

"खूप वेळ लागेल, ताई."

"लागू दे."

पाणबुडीचा पहिला आराखडा दोन आसनांचा होता. त्यातलं स्वतःचं ताईनं खोडायला लावलं होतं.