वाटीखालचा हिरवा ठसा

करुणानं वाटी उचलली. कागदावर हिरवा ठसा पडला होता.

अळंबी सकाळीच अजिंठ्याकडच्या डोंगरातून आलेली. एका अळंबीची टोपी कागदावर पालथी घालून वर वाटी झाकायची, म्हणजे तिची भुकटी खाली झडते आणि रंग कळतो. कॉलेजच्या वनस्पती-संग्रहातली ही नेहमीची रीत. वारुळावरच्या, खाण्याच्या अळंबीचा ठसा गुलाबट पडतो. हिरवा पडला की ती दिसायला साधीभोळी, पण विषारी. कपाटात त्या भागाचे सगळे जुने नमुने वारुळावरचेच, म्हणून करुणानं ठशाची वाट न बघताच चिठ्ठी लिहून टाकली होती: 'खाण्याजोगी'. शिवाय तिथं झाडलोट करणाऱ्या वच्छलाबाईंना म्हणाली होती, "मावशी, उरलेली न्या घरी."

वच्छलाबाईंची लेक प्रेरणा माहेरी आली होती. सातवा महिना, आणि डोहाळे नेमके अळंबीचे.

वच्छलाबाईंचा फोन नुसता वाजत राहिला. करुणा रिक्षात बसली. जालना रोडवर सिग्नल सुटेना.

"भैया, जल्दी!"

"उड के जाऊं क्या, मॅडम?"

चिकलठाण्याला वच्छलाबाईंच्या दारात लसणाच्या फोडणीचा वास घमघमत होता. प्रेरणा पाटावर बसलेली, घास हातात.

"टाक! टाक तो खाली!"

घास ताटात पडला. वच्छलाबाई परात घेऊन बाहेर आल्या. "अगं बया, म्याडम! बसा की, तुमीबी घ्या दोन घास."

"प्रेरणा, खाल्लंस का? खरं सांग."

"नाय ओ. लई गरम हाय, म्हणून फुकीत होते."

करुणानं तिच्यासमोरचं ताट ओढून घेतलं. "विषारी आहे ती."

"पर चिठ्ठीवर तर तुमच्याच हातानं…"

"हो. माझ्याच हातानं. चुकलं माझं, मावशी."

वच्छलाबाईंनी परात हळूच खाली ठेवली. "मी मीठ चाखून बघितलं ओ. दोनदा."

रिक्षावाला अजून दारातच सुटे पैसे शोधत होता. "बैठो बैठो," म्हणाला आणि या खेपेला खरंच उडाला. घाटी रुग्णालयाच्या फाटकातच वच्छलाबाईंना पहिली उलटी झाली. करुणानं ती ओंजळीत झेलली.

दुसऱ्या दिवशी सलाईनच्या नळीखाली वच्छलाबाई एवढ्याशा दिसत होत्या. करुणानं जुनी चिठ्ठी त्यांच्या समोर फाडली आणि नवी लिहिली: 'विषारी. ठसा हिरवा.'

"आता पयला ठसा, मंग चिठ्ठी," वच्छलाबाई डोळे मिटूनच म्हणाल्या.

"हो, मावशी."

"आन् हेबी लिवा. मीठ बरोबर पडलं होतं."