परसाकडची वाट

देविदासनं एखादं काम पुरं केलेलं गावात कुणी पाहिलं नव्हतं. कामाला लागायचा मात्र असा, की बघणाऱ्याची छाती दडपावी. कोंबड्यांचं खुराडं बांधलं, दार तेवढं राहिलं; कोंबड्या मांजरानं नेल्या. बाज विणायला घेतली, पायथ्याकडची दोन वीत सुतळी राहिली; त्या बाजेवर निजणाऱ्याच्या टाचा खाली लोंबायच्या. गेटाला समोरून हिरवा रंग आणि मागून गंज. रेणापूर तालुक्यातल्या त्या लहानशा गावात कुणाचं काही अर्धवट राहिलं, की लोक सरळ म्हणायचे, "देविदास झालं त्येचं." तो ऐकून हसायचा. एवढा हत्ती गेला, आता शेपटाचं काय घेऊन बसलात, असा त्याचा हिशेब.

यंदाच्या माघात त्या शेपटानंच घात केला.

त्याच्या घराच्या मागच्या दारापासून संडासापर्यंत वीस पावलांची वाट आहे. तिच्यावर शहाबादी फरश्या त्यानंच टाकल्या होत्या. अठरा पक्क्या बसवल्या आणि शेवटच्या दोन नुसत्या मातीवर ठेवल्या. सिमेंट संपलं होतं. चालतंय की, उद्या आणू, असं म्हणाला, आणि तो उद्या काही दीड वर्षात उगवला नाही. एका सकाळी त्याची माय रुक्मिणबाई तिकडं निघाली, पायाखालची फरशी डुगडुगली, आणि पंच्याहत्तर वर्षांच्या म्हातारीचं खुब्याचं हाड मोडलं.

ऑपरेशन लातूरला झालं. थोरला भाऊ सुदाम तिथंच नोकरीला. त्यानं मायला आपल्या फ्लॅटवर नेलं. रुक्मिणबाईनं देविदासला एका शब्दानं बोल लावला नाही. तिनं चार शिव्या हासडल्या असत्या तर त्याला घास तरी गोड लागला असता.

चैत्रात तिचा फोन आला. "सोताच्या पायानं परसाकडं जाता आलं तर येते गावाकडं," ती म्हणाली. "कुणाच्या खांद्यावर जायचं आसंल तर हितंच बरी हाय मी."

मग फोन सुदामनं घेतला. "देविदास, मी हितून मिस्त्री पाठवतो. दोन दिवसांत मोकळं."

"नको."

"कामून नको?"

"मीच करतो, दादा."

"बघ बाबा," सुदाम म्हणाला. "आखितीनंतरच्या ऐतवारी तिला घेऊन येतो. झालेलं नसलं तर तशीच माघारी नेतो. मग पुन्हा न्हाई इचारायचा."

देविदासनं त्याच दिवशी सगळ्या फरश्या उखडल्या. उखडण्यात तो पहिल्यापासून हुशार. त्या दिवशी त्याची बायको दीपाली भिंतीला टेकून नुसती बघत राहिली.

काळ्या मातीचं एक आहे. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात ती भिजल्या कणकेसारखी फुगते. तिच्यावर ठेवलेलं काहीच जागचं राहत नाही. म्हणून माती उकरून मुरूम भरायचा, पाणी टाकून धुमसानं ठोकायचा, मगच फरशी. हे गावातल्या पोरासोरांनाही ठाऊक. देविदासलाही ठाऊक होतं. पहिल्या खेपेला त्यानं वीतभर उकरून आटोपतं घेतलं होतं. आता दोन फूट खणायचं होतं, वीस पावलं, चैत्राच्या उन्हात.

दुसऱ्या दिवशी टिकावाचा दांडा मोडला. मुरमाचं ट्रॅक्टर उद्या येतो म्हणून तीन दिवसांनी आलं, आणि बोळ अरुंद म्हणून ड्रायव्हरनं सगळा ढीग समोरच्या दारात ओतला. तिथून घमेल्यानं मागं वाहायचा. शंभर घमेल्यांपर्यंत देविदासनं मोजलं, पुढं मोजायचंही सोडलं. ढीग होता तेवढाच दिसत होता. त्यानं घमेलं भिरकावलं, ते पाण्याच्या रांजणावर आपटलं, आणि रांजणाला चीर गेली. तो कडुलिंबाखाली जाऊन बसला.

दीपाली आली. "झालं?" तिनं विचारलं.

"झालं का न्हाई ते दिसंना का तुला?"

"न्हाई, मिस्त्रीला फोन लावू का, तेवढं सांगा."

तो उठला. उत्साहानं नव्हे, संतापानं उठला. आजवरच्या साऱ्या कामात त्याचा उत्साह तिसऱ्या दिवशी दगा द्यायचा; संताप मात्र चांगला टिकाऊ निघाला. पुढचे आठ दिवस तो त्याच्यावरच राबला. मुरूम ठोकला, फरश्या सांध्याला सांधा लावून बसवल्या, कडेनं पाईपाचा कठडा उभा केला. संडासात कमोड बसवला आणि शेजारच्या भिंतीत धरून उठायला रेणापूरहून आणलेली लोखंडी दांडी पुरली.

दांडीचं सिमेंट वाळलं तशी त्यानं दीपालीला हाक मारली. "बस बरं कमोडवर. पोचतोय का हात?"

ती लुगड्याचा पदर सावरून बसली. "पोचतोय की."

"मग!" देविदासची मान तीन आठवड्यांत पहिल्यांदा ताठ झाली.

"पर अत्याबाई माझ्यायेवढ्या हायत का? आन् आता तर वाकून चालायल्यात." दीपालीनं पाठ वाकवली, खांदे पाडले, आणि सासूसारखा हात वर केला. दांडी वीतभर वर राहिली.

त्यानं दांडी बसवली होती ती स्वतःच्या कमरेच्या मापानं.

"चालतंय की," तो म्हणाला. "जरा वर हात केला की झालं."

दीपालीनं फक्त त्याच्याकडं पाहिलं, आणि देविदासला आपलेच शब्द ऐकू आले. दीड वर्षामागं फरश्यांपाशी उभा राहून तो हेच बोलला होता, याच आवाजात. त्याला स्वतःची शिसारी आली. त्यानं छिन्नी उचलली आणि आपल्याच हातानं बसवलेलं, दगडासारखं घट्ट झालेलं सिमेंट फोडायला घेतलं. फोडता फोडता त्याला रडू फुटलं. दीपाली उठून बाहेर गेली, आणि तिनं दार ओढून घेतलं.

दांडी खाली आली, पुन्हा पुरली. आता उरलं होतं सगळ्यांत नकोसं काम. नव्या सिमेंटवर गोणपाट अंथरून सात दिवस, सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचं. नळाला पाणी आठव्या दिवशी यायचं.

"प्यायला न्हाई आन् तुमी सिमेंटाला पाजायलाव," दीपाली कडाडली. मग तिनंच आंघोळीखाली घमेलं ठेवलं आणि भांड्यांचं पाणी बादलीत साठवायला लागली.

खणताना माणूस दिसतो, घाम दिसतो, येणारा-जाणारा चार शब्द बोलतो. भिजलेलं गोणपाट पुन्हा भिजवणाऱ्याकडं कोण बघतंय? पाचव्या दिवशी देविदासला वाटलं, झालं की आता. तो शेताच्या वाटेला लागला, मारुतीच्या पारापर्यंत गेला, स्वतःला एक सणसणीत शिवी घालून माघारी आला आणि त्यानं बादली उचलली.

रविवारी गाडी आली. सुदामनं मायला उतरवलं, वॉकर हातात दिला आणि डिकीतल्या तिच्या पिशवीला हात घातला.

"ऱ्हाऊ दे ती गाडीत," रुक्मिणबाई म्हणाली. "आदी मागं चला."

ती घरात शिरलीच नाही. बोळातून मागं आली, आणि वाटेच्या तोंडाशी येऊन थबकली. वॉकर तिनं बाजूला सारला, कठडा धरला. दीपाली आधाराला पुढं झाली, तशी म्हातारीनं तिला डोळ्यांनीच मागं सारलं. एकेक पाऊल टाकत ती गेली. आत शिरली. दार लागलं, आतून कडी सरकली.

बाहेर तिघं उभे. देविदासला फरशी, सांधा, दांडी, सगळं एकाच वेळी आठवत होतं आणि काहीच नीट आठवत नव्हतं. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग पाण्याचा आवाज आला. कडी निघाली.

ती आली तशीच परतली, एकटी. मागच्या दारातल्या खुर्चीवर बसून तिनं दम घेतला आणि सुदामला विचारलं, "मिस्त्री कुठला म्हनायचा? हात चांगला हाय त्येचा."

"मी कुठला पाठवतो मिस्त्री," सुदाम म्हणाला. "ह्येनंच केलंय."

रुक्मिणबाईनं देविदासकडं पाहिलं. तीन महिन्यांत दोघांची नजर अशी भिडली नव्हती.

"तू?"

"हाव."

"मग उरलंय काय त्यात?"

त्यात टोमणा नव्हता. उद्या अंधारातच तिला त्या वाटेनं जायचं होतं, म्हणून तिनं विचारलं. एरवी देविदासनं हसून वेळ मारून नेली असती. आता तो खरोखरच आठवायला लागला. दारापासून कमोडपर्यंत मनातल्या मनात गेला आणि हळूहळू परत आला.

"काई न्हाई, माय," तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच परका लागला. "काईच न्हाई उरलं."

म्हातारी त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. मग थोरल्याकडं न बघताच म्हणाली, "सुदाम, आन ती पिशवी गाडीतली."