कणगीतला दगड

नखाच्या कडेला काळी कणी अडकली होती... काडीने कोरली तरी निघेना, आणि छबूबाईंनी बोट उन्हात धरून पाहिलं तर त्या कणीतही दगडातल्यासारखा एक पांढरा ठिपका, मोहरीच्या दाण्याहून बारीक, जणू कुणी चुन्याचं बोट आत टेकवून ठेवलं होतं. चिंच, राख आणि काथ्या घेऊन सकाळपासून त्यांनी तो दगड पितळी घागर घासावी तसा घासला होता. नणंदेचा मुलगा राधाकृष्ण पुण्याहून यायचा होता. तिथल्या कुठल्याशा प्रयोगशाळेत तो आभाळातून पडलेले दगड तपासतो म्हणे. आणि छबूबाईंच्या घरातली वस्तू पाहुण्याने मळकट पाहावी, हे या घरात कधी झालं नव्हतं. दुसऱ्यांच्यात होत असेल.

"आत्याबाई, भुगा पडतोय त्याचा. ऱ्हाऊ द्या की," सून रतन म्हणाली होती.

"पडू दे. मळ हाय त्यो. तुला मळ आन् दगड कळाया लागला की घर तुझ्या ताब्यात देते."

कणगी रिकामी होती म्हणून दगड इतक्या सहज हाती लागला. एरवी तो बियाण्याच्या ज्वारीत खोल असायचा, कडुनिंबाच्या पाल्याखाली, आणि पेरणीच्या सकाळीच तेवढा वर निघायचा. गेल्या साली पाऊस शेवगावच्या बाजूला फिरकलाच नाही. पेरणीची पाभर आढ्याला टांगलेलीच राहिली. मग थंडीत एका दुपारी बियाणं दळून खाल्लं—दार लावून, जात्याचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. गावातली निम्मी माणसं सडकेवर खडी फोडायला जातात; आमच्या घरातलं अजून कुणी गेलेलं नाही... अजून.

हा दगड आला ते साल मात्र असं नव्हतं. ज्वारी माणूस बुडेल एवढी उंच, कणसं दाण्याने वाकलेली, आणि पुंजाराम—नवऱ्याचं नाव त्यांनी तोंडाने कधी घेतलं नाही, मनात घ्यायला कोण अडवतंय—शेतातल्या माळ्यावर उभा राहून गोफणीने पाखरं हाकत होता. आभाळ गडगडलं, ढग तर एकही नाही, आणि काहीतरी धप्पकन पिकात पडलं. कुणा टवाळाने आपल्यावरच गोफण फिरवली असं वाटून त्याने आधी चारी दिशांना शिव्या दिल्या, मग खाली उतरला. मुंडाशात बांधून आणला. आभाळातून आलाय म्हणजे तापलेला असणार म्हणून सासूबाईंनी पाण्याची घागर पुढे केली, तर तो गार—माठाच्या बुडासारखा गार—आणि त्याला विझवलेल्या चिमणीच्या वातीचा वास. मी नवी नवरी, डोक्यावरचा पदर सावरत दाराआड उभी. त्याने सगळ्यांच्या देखत मला हाक मारली, "हात लाव गं, बघ." सासूबाई असताना! त्या एका हाकेवर मी पुढची कितीतरी वर्षं...

पुढच्या साली पीक आणखी दाट आलं, आणि सासूबाईंनी दगड कणगीत घातला तो कायमचा. पाभर शेताला निघण्याआधी घरातल्या प्रत्येकाने त्यावर तळवा टेकायचा, असा रिवाजच पडला. सुना आल्या, त्यांनी टेकला. तान्ह्या पोरांचे तळवे आयांनी धरून टेकवले. माझा पहिलटकरणीचा गोरक्ष, जेमतेम चालायला लागलेला, त्याचा तळवा मीच टेकवला होता. दगड गार लागला म्हणून हसला. पुढची पेरणी त्याला दिसली नाही.

राधाकृष्ण दुपारच्या एसटीने आला. पाटावर ठेवलेला लख्ख दगड पाहून त्याचा चेहराच पडला.

"मामी... धुतला का?"

"मग? पाव्हण्याला खरकटं ताट द्यायची रीत न्हाई आमच्यात."

तो खाली बसला आणि पिशवीतून रबरी हातमोजे काढून घालू लागला. छबूबाईंच्या भुवया वर गेल्या. "का रे, आमचा इटाळ हुतो व्हय तुला?"

"माझा त्याला होतो, मामी."

मग त्याने समजावून सांगितलं, मोजे उतरवून, जेवता जेवता, भाकरीच्या तुकड्याने ताटात रेघा ओढत. हा साधा दगड नव्हे. याच्यात काजळीसारखं काहीतरी आहे. दूध, डाळ, आपलं अंग ज्या कणांचं बनतं तसले कण अशा एका दगडात परदेशातल्या लोकांना सापडलेत, दोन-तीन वर्षांमागे. कुठल्या जिवाने केलेले नव्हेत, आपोआप झालेले. पृथ्वीहून जुने.

"मग घे की. बघ."

"तेच कण हाताच्या घामात असतात. ज्वारीत, चिंचेतसुद्धा. याचा वरचा थर सगळा तुमच्या हातांचा झालाय. तो खरवडून टाकावा लागेल. मग फोडून मधला गाभा घ्यायचा."

"टाकायचा म्हंजी?"

त्याने घास हातातच धरला. "म्हणजे... फेकून द्यायचा."

"आन् हात ऱ्हायले कुठं त्येच्यावर? सकाळी तर घासला मी."

"सगळं नाही जात, मामी. भुसभुशीत आहे, वर्षानुवर्षांचं आत मुरतं. जिवंत शरीरातले हे कण डाव्या घडणीचे असतात, झाडून सगळे. आभाळातले निम्मे डावे, निम्मे उजवे. यंत्रात वेगवेगळे दिसतात."

"म्हंजी आमी समदी डावखुरी."

"आतून, हो."

"तरीच या घरात एक काम सरळ हुईना," असं म्हणून त्यांनी रतनकडे पाहिलं, आणि रतनने तोंडाला पदर लावला. पण छबूबाई स्वतः हसल्या नव्हत्या. "तुझ्या त्या मशिनीत हात कुनाचा, त्ये कळतं?"

"माणसाचा असू शकतो, एवढंच. कुणाचा ते नाही."

"तुझाबी हाय त्येच्यावर. आजोळी आल्तास तवा."

तो ताटावरून उठताना म्हणाला, "संध्याकाळच्या गाडीने जायचंय. तुम्ही नको म्हणालात तर नाही नेणार," आणि अंगणातल्या लिंबाखाली जाऊन आडवा झाला.

छबूबाई दगडापाशी बसून राहिल्या. सकाळचं काळं पाणी मोरीतून केव्हाच वाहून गेलं होतं, परसातल्या भेगांत जिरलं होतं, आणि कोण कुठवर मुरलं नि कोण वाहून गेलं हे सांगणारं कुणी नव्हतं. मोठ्यांचे हात वर्षामागून वर्ष पडलेले, ते मुरले असतील. पण ज्याचा तळवा एकदाच टेकला, तोही हलका, गुदगुल्या झाल्यासारखा... द्यावा तर हा पोरगा राहिलेलंही खरवडून फेकणार, आणि ठेवावा तर मीच काय शिल्लक ठेवलंय? आणि त्याच्याही आत ते दुसरंच, आमच्यातल्या कुणाचंच नव्हे असं. इतकी वर्षं आपल्याच कणगीत, आपल्या बियाण्यात, आणि आपल्याला शिवलेलं नाही.

दगड पडल्यापासून पुंजाराम जेवण झालं की अंगणात बसून वर बघत राहायचा. म्हातारा झाला तरी. "काय बघताय?" असं विचारलं की म्हणायचा, "काय न्हाई." झालं! वर्षानुवर्षं तेच. माणूस साधा आहे, पोटात काही नाही, असं मी धरून चालले; माझ्याच तोंडाला धार, घर मीच हाकलं, त्याच्या वाटचंही मीच बोलले. सरतेशेवटी खाटेवरून छपराकडे बघत होता तेव्हाही विचारलं, आणि त्याने ओठ उघडायच्या आत मीच म्हणाले, "काय न्हाई, व्हय ना?" तो हसला होता... की तोंड नुसतं हललं होतं?

"आत्याबाई," रतन दारातून म्हणाली, "गाडीची येळ हुईल. फडक्यात बांधू, का कणगीत ठिवू?"

रतन उभीच राहिली. बाहेर उन्हं कलली होती, लिंबाची सावली पाहुण्याच्या अंगावरून सरकून पुढे गेली होती, आणि छबूबाई ओठ घट्ट मिटून बसल्या होत्या, कुणाचं तरी बोलणं अजून व्हायचंय आणि यावेळी मधे तोंड घालायचं नाही, अशा.