चार नंबरची तीन बुचे

मी एक जुनी गॅसची विहीर आहे. पाण्याची नव्हे, तेव्हा घागर घेऊन येऊ नका. माझा नंबर सात. मला नाव द्यावे असे कोणाला कधी वाटले नाही. नावे ठेवायला मात्र सगळे पुढे. आपली कहाणी सांगताना ऐकणाऱ्यांना ‘मित्रांनो’ म्हणायची रीत आहे, म्हणून मीही म्हणते. मनापासून म्हणते असे समजू नका.

तर मित्रांनो, माझा जन्म काही सुखाचा झाला नाही. एका उंच लोखंडी मनोऱ्यावरून दातेरी पाते अडीच महिने जमीन कुरतडत खाली गेले. तीन किलोमीटर खोलीवर एका सच्छिद्र खडकात गॅस लागला. त्या दिवशी माणसे चिखलात नाचली. मग त्यांनी माझ्या घशात पोलादी नळी घातली, डोक्यावर व्हॉल्व्ह बसवले, दाब दाखवणारा काटा लावला आणि मला कामाला जुंपले.

सव्वीस वर्षे मी तुमच्या चुली पेटवल्या. तुमचे आंघोळीचे पाणी माझ्यावर तापले, तुमचे दूध माझ्यावर उतू गेले. चहाचा घोट घेताना एकाने तरी माझी आठवण काढली का? पुढे माझा दाब उतरला, तशी तुमची नजर फिरली. गरज सरो, वैद्य मरो. माझ्यासकट आम्ही दहा जणी त्या माळावर होतो. नऊ जणींना बुजवायचा हुकूम आला आणि मला तेवढे व्हॉल्व्ह बंद करून ठेवून दिले, कधीतरी उपयोगी पडेल म्हणून.

विहीर बुजवायचा नियम साधा आहे. नळीत सिमेंटची तीन बुचे बसवायची: एक तळाशी, एक मध्ये, एक वर. हे काम एका मुकादमाकडे होते. माणूस कामाला वाघ, अशी त्याची ख्याती होती. आठवड्याला एक विहीर बुजवीन, असे तो सर्वांसमोर बोलून बसला होता. चार नंबरच्या वेळी सिमेंट कालवायचे यंत्र बिघडले. दोन दिवस थांबला असता तर काय आभाळ कोसळले असते? पण दिलेला शब्द मोडला असता ना! त्याने नळीत माती आणि लाकडाचे ओंडके ढकलले, वर पोत्याभर सिमेंट ओतले आणि कागदावर स्वतःच्या हाताने लिहिले, ‘तीन बुचे, काम पूर्ण.’ वर्षअखेरीस त्याला प्रशस्तिपत्र मिळाले. मी माझ्या उंचवट्यावरून सगळे पाहत होते. मला जीभ नाही हे त्याचे नशीब.

त्यानंतर बारा वर्षे मी गंजत पडले. माझ्या व्हॉल्व्हच्या चाकावर गडी आपले ओले सदरे वाळत घालत.

मग डोंगरापलीकडे नव्या विहिरी लागल्या. त्यांच्या गॅसमध्ये कार्बन डायऑक्साइड फार. तो जळत नाही, म्हणून तुमच्या चुलीला नको. कारखान्यात तो वेगळा काढत आणि उंच चिमणीतून आकाशात सोडून देत. आकाश तापू लागल्यावर तुम्हाला माझी आठवण झाली. तो वायू नळाने आणून माझ्या घशातून खाली खडकात दाबायचे ठरले. मोठ्या साहेबांनी फीत कापली आणि म्हणाले, “जिथून काढलं तिथंच परत ठेवतोय.” अहो, नेले होते ते अन्न आणि आणून ओतलेत ते खरकटे!

पण काम वाईट नाही, हे मी रागातही कबूल करते. माझ्या खडकावर जाड दगडाचे घट्ट झाकण आहे. त्याखाली तो वायू हजारो वर्षे राहील. अट एकच, झाकणाला भोक नको. आणि चार नंबर हे त्या झाकणाला पाडलेले, न बुजवलेले भोकच होते. ती माझ्यापासून दोनशे पावलांवर, एका खोलगट जागी आहे.

माझा काटा वाचायला रोज एक ऑपरेटर मुलगी येई. ती त्या मुकादमाचीच लेक. मुकादम आता निवृत्त झाला होता आणि दुपारी तिचा डबा घेऊन येई. डबा हे निमित्त. आल्याआल्या तो विचारी, “काटा काय म्हणतो?” जगाला वाटे, बापाला लेकीच्या कामाचे केवढे कौतुक! त्याला कशाची भीती आहे, ते मला ठाऊक होते.

वायू भरत जाईल तसा काटा हळूहळू चढायला हवा होता. सातव्या महिन्यात तो उतरू लागला. लेकीने साहेबांना सांगितले. साहेब म्हणाले, “काटा बिघडला असेल, बदलून घे.” नवा काटाही उतरू लागला.

एका दुपारी वारा पूर्ण पडला होता. मुकादम नुकताच डबा घेऊन आला होता, तेवढ्यात माळाचा वॉचमन धापा टाकत आला. “ताई, माझी कुत्री खालच्या खळग्यात पडलीय. हाका मारल्या तरी हलत नाहीये.”

मित्रांनो, हा वायू हवेपेक्षा जड असतो. वारा नसला की खळग्यात साचतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणूस त्यात उतरला की चार पावलांत कोसळतो. धोक्याचा भोंगा तिथे बसवलाच नव्हता. कशाला बसवतील? कागदावर तीन बुचे होती.

लेकीने खुंटीवरचा हवेचा सिलिंडर आणि मास्क काढला. मग जरा थबकली आणि तो परत टांगला.

“चार नंबर ना? ती बाबांनी बुजवलीय. तिथं गॅस कुठून येणार? साप चावला असेल तिला. चला, बघू.”

दोघे उताराला लागले. मुकादम डबा मांडीवर घेऊन बसून राहिला. ती खळग्याच्या काठाकडे निघाली होती आणि हा गृहस्थ अजून आपल्या नावाचा हिशेब करत होता! त्या क्षणाचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

शेवटी तो उठला. डबा सांडला. तो धडपडत धावला आणि ओरडला, “थांब! खाली उतरू नकोस!”

“काय झालं, बाबा?”

“त्यात सिमेंट नाही गं. वर पोतंभर आहे, तेवढंच. खाली माती आणि ओंडके भरलेत.”

“कागदावर तर तीन बुचं आहेत.”

“कागद मीच लिहिलाय.”

ती काठावरच थांबली होती. अजून पाच पावले पुढे गेली असती तर ती कुत्रीशेजारी पडली असती. वॉचमन मुकादमाकडे वळला. “रोज इथं येत होतात, काका,” तो म्हणाला. “एक शब्द बोलला असतात तर?”

लेक परत आली आणि तिने माझे व्हॉल्व्ह आवळून बंद केले. पाचव्या मिनिटाला फोन वाजला. साहेब ओरडत होते, “कोणाला विचारून बंद केलंस? सोमवारी हे काम बघायला पाहुणे येतायत!”

“चार नंबर ज्यांनी बुजवली, त्यांना विचारून,” ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला. मग कोरा कागद घेतला, ऐकले ते सगळे लिहून काढले आणि पेन बापापुढे धरले.

“मुकादम, इथं सही करा.”

‘बाबा’ म्हणाली नाही. त्याने एकदा तिच्या तोंडाकडे पाहिले आणि सही केली. मला त्याची दया आली नाही, आजही येत नाही.

तो वायू आता पुन्हा चिमणीतून आकाशात जातो आहे. साहेब रोज माणूस पाठवून विचारतात, सात नंबर कधी सुरू करायची? मित्रांनो, मोठे होऊन तुमच्यापैकी कोणी साहेब होईल, कोणी मुकादम. माझ्या गंजाला रंग लावू नका, मला हार घालू नका. आधी त्या खळग्यात जा, मास्क लावून जा. माझ्या बहिणीच्या घशातले ओंडके उपसून काढा आणि सिमेंट भरा. तळाशी एक, मध्ये एक, वर एक. प्रत्येक बूच स्वतः मोजा, कागदावर विसंबू नका. तोवर माझ्या चाकाला हात लावाल तर खबरदार.