वाटपाचा मान

"आवाज बघा मेल्याचा! पार होड्यांपर्यंत ऐकू जात असेल," शेजारीण मालिया कौतुकाने म्हणाली, आणि शेजारी बसलेल्या पेनेहेच्या अंगाचा तिळपापड झाला.

किनाऱ्यावर अलापाती मासे वाटत होता. सकाळीच होड्या कुपा माशांनी भरून आल्या होत्या आणि सगळं गाव टोपल्या घेऊन झाडाखाली बसलं होतं. या बेटावर समुद्रातून आलेलं सगळं गावाचं. पंचायतीने नेमलेला माणूस एकेका घराचं नाव पुकारतो आणि घरात जितकी डोकी तितके वाटे टाकतो, डोक्यामागे एक मासा. सरपंच असो की कालचं तान्हं पोर, वाटा सारखाच. जिथे कोणाकडेच दुसऱ्यापेक्षा जास्त काही नाही, तिथे माणसाने हेवा तरी कशाचा करायचा? पेनेहेला विचाराल तर वाटणाऱ्याचा.

कित्येक वर्षं तो मान त्याचाच होता. मग गेल्या वादळाच्या दिवसांत त्याची बायको लेपेका वारली आणि पंचायतीच्या म्हाताऱ्यांनी त्याला बोलावून सांगितलं, "तू आता जरा बस, पेनेहे. दुःखात माणसाचं लक्ष ठिकाणावर नसतं." बरं, मान दिला तो कोणाला? चुलतभावाला! ज्याला गळाला आमिष लावायला पेनेहेनेच शिकवलं होतं, त्या अलापातीला.

"माझ्या वेळी असा खिदळण्याचा बाजार नव्हता," पेनेहे पुटपुटला.

"तुझ्या वेळी तू वसकन अंगावर यायचास, कोण हसणार? पोरं तर तुला बघून आईच्या मागे लपायची," मालिया म्हणाली.

पेनेहेने तोंड फिरवलं. पण नजर अलापातीच्या हातांवरून हलली नाही. चूक, फक्त एक चूक त्याला हवी होती.

आणि ती झाली. मास्तरांच्या घराला अलापातीने तीनच वाटे टाकले. मास्तरांची मुलगी परवाच दवाखान्यात जन्मली होती, तिला तो विसरला. मास्तर संकोचाने काही बोलले नाहीत. पेनेहेला तिथल्या तिथे सांगता आलं असतं. एक मासा टाकला की काम झालं असतं. पण त्याने ओठ दाबून धरले. सगळी घरं होऊ दिली, लोक टोपल्या उचलायला वाकले, आणि मग तो ताडकन उठला.

"थांब! मास्तरांच्या पोरीचा वाटा कुठाय?"

एकदा कोणी भर वाटपात असं 'थांब' म्हटलं की सगळे ढीग मोडायचे, मासे गोळा करायचे आणि पहिल्यापासून वाटायचे, ही गावाची रीत. वाटणाऱ्याची याहून मोठी नाचक्की नसते. उन्हात तापलेल्या बायका कुरकुरल्या. अलापातीचं तोंड एवढंसं झालं.

"चुकलोच मी," तो म्हणाला.

सरपंच तिनिएलु वैतागून म्हणाले, "पेनेहे, एवढं लक्ष आहे ना तुझं? मग ये, तूच वाट आता."

पेनेहे छाती काढून पुढे गेला. मासे गोळा झाल्यावर पुन्हा त्याचा जुना आवाज किनाऱ्यावर घुमला. हात सराईतपणे चालत होते. मास्तरांच्या घराला चार वाटे टाकताना तर त्याने आवाज मुद्दाम चढवला. मग पुकारलं, "पेनेहेचं घर!" आणि मासे टाकून तो ऐटीत उभा राहिला.

गाव एकदम चिडीचूप झालं. याला म्हणतात वचक, असं त्याला वाटलं. भावाचा जळका चेहरा बघायला म्हणून त्याने मान वळवली, तर अलापाती वाळूकडे बघत होता. मालियाने तोंडावर हात ठेवला होता. पेनेहेने खाली बघितलं. त्याच्या घराच्या वाट्याला दोन मासे पडले होते.

"का रे? वाचा बसली का?" तो अलापातीवर खेकसला. "थांब म्हण की! आता तुझी पाळी आहे."

"माझं लक्ष नव्हतं, दादा," अलापाती हळूच म्हणाला. "पुढचं घर घे."

सरपंचांचंही जणू लक्ष नव्हतं. कोणाचंच नव्हतं. एवढं मोठं मन अलापातीकडे आलं कुठून? पेनेहेला त्या क्षणी भावाचा जितका हेवा वाटला, तितका त्याच्या आवाजाचा आणि मानाचाही कधी वाटला नव्हता.

"थांब!" तो स्वतःच ओरडला. "पेनेहेच्या घरात एकच माणूस आहे."

लेपेका गेल्यापासून हे वाक्य त्याने कधी तोंडातून काढलं नव्हतं. मग वाकून त्याने स्वतःच्या हाताने एकेक ढीग मोडायला सुरुवात केली. अलापाती मदतीला आला, त्याला त्याने अडवलं नाही. सगळे मासे पुन्हा एकत्र झाल्यावर तो बाजूला सरकला आणि म्हणाला, "तू वाट. सावकाश वाट."

मग जाऊन तो मालियाशेजारी बसला आणि आपल्या घराचं नाव कधी पुकारलं जातंय याची वाट बघू लागला.