मी तोसाची फांदी, मुक्काम सुरत

मी एक फांदी बोलतेय. वीतभर लांब, वाळलेली, जाड कागदावर दोऱ्याने टाचलेली. सध्या सुरतेतल्या एका कॉलेजच्या कपाटात राहते. पण माझा जन्म हिमालयातला, नारकंड्याच्या वरच्या उतारावरचा.

वाऱ्याने मोडून मी रस्त्यावर पडले. सफरचंदं भरायला ट्रक घेऊन आलेल्या भूपेंद्रने मला उचललं. त्याची भाची गायत्री सुरतेतल्या भेस्तानला राहते, याच कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकते. मामाने तिच्यासाठी मला केबिनमध्ये जपून आणलं.

गायत्रीने मला रद्दीत दाबून वाळवलं. वर्गात ज्याचा नमुना सगळ्यांत चांगला आणि अचूक ओळखलेला, त्याला हिमालयाच्या अभ्याससहलीत जागा मिळणार होती. जागा एकच. आणि माझं नाव काही सापडेना. पुस्तकातली फर आणि स्प्रूस ही दोन्ही सूचिपर्णी झाडं तिला सारखीच दिसत होती.

तिची आई कलाबाई कारखान्यात कापड तपासते. तुटलेला धागा तिच्या बोटांना डोळे मिटूनही कळतो. तिने माझं एक सुईसारखं पान चिमटीत धरून फिरवून पाहिलं.

"हाई पान चपटं शे, पोरी. बोटमा फिरत नही."

गायत्री ताडकन उठली. स्प्रूसचं पान चौकोनी, ते बोटांत गरगर फिरतं. तिने मामाला फोन लावून झाडाची फळं लोंबत होती का, विचारलं. मामा म्हणाला, नाही. शेंड्यावर ताठ उभी होती, वांग्याच्या रंगाची. स्प्रूसची फळं लोंबतात, फरची ताठ उभी असतात. म्हणजे मी फर. पहाडी लोक मला तोस म्हणतात.

पण कॉलेजात तिच्या सरांनी नकारार्थी मान हलवली. "आ तो स्प्रूस छे, गायत्री." त्यांनी कपाटातला वीस वर्षांपूर्वीचा नमुना काढला; त्याच्या चिठ्ठीवर 'फर' लिहिलं होतं. मी त्याच्यासारखी नव्हतेच.

नाव बदलायचं की नाही? तिने परवानगी मागून दोन्ही नमुन्यांचं एकेक पान खुडलं. माझ्या काडीवर गुळगुळीत गोल खूण उरली, फरची असते तशी. जुन्या काडीवर खरखरीत खुंटी, स्प्रूसची.

"सर, माझा फर आहे. स्प्रूस हा जुना आहे."

सर बराच वेळ भिंगातून पाहत राहिले.

"वीस वरसथी हुं खोटुं शीखवुं छुं," ते हळूच म्हणाले आणि जुनी चिठ्ठी त्यांनी स्वतःच्या हाताने खोडली.

जागा गायत्रीला मिळाली. निघायच्या आदल्या दिवशी तिने आईला इथे आणलं. माझ्याखाली लिहिलंय: 'तोस. पश्चिम हिमालय, सुमारे नऊ हजार फूट, थंड सावलीचा उतार. ओळख: कलाबाई व गायत्री पाटील.'

"मन्हं नाव कशाले टाकं?" कलाबाई पुटपुटली.

"तूच ओळखलंस ना, आई."

कलाबाईने पदराने कपाटाची काच पुसली आणि पुन्हा वाचलं.

आता गायत्री माझ्या उतारावर पोहोचली असेल. मी इथे सुखात आहे. कधी आलात, तर एवढंच करा: माझ्याखालची ती दोन नावं मोठ्याने वाचा.